आधी पालथं करून पाहा : कॉर्व्हेटच्या मूळ व्हील कव्हरांविषयी

जुन्या मोटारीच्या चासीवर क्रमांक असतो, इंजिनावर क्रमांक असतो, गिअरबॉक्सच्या कवचावर ओतकामाची तारीख असते. या तिन्ही खुणा एकमेकींशी जुळल्या की गाडीबद्दल बरंच काही खात्रीनं सांगता येतं. व्हील कव्हरला असा आधार नसतो. ते कोणत्या गाडीवर चढलं, कोणत्या महिन्यात चढलं, याची नोंद त्याच्यावर कोणी ठोकलेली नसते. एका चपट्या पट्टीनं ते क्षणात निघतं आणि तळहाताच्या दोन फटक्यांत परत बसतं. खड्ड्यात चाक आदळलं की ते उडून गटारात जातं. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकी शहरांत रात्रीतून चारही कव्हरं गायब होणं ही नेहमीची तक्रार होती. मालक रुंद टायर घालतो, तेव्हा कव्हरं गॅरेजच्या माळ्यावर जातात आणि गाडी विकली जाते तेव्हा तिथेच राहतात. त्यामुळे साठ वर्षांच्या आयुष्यात गाडीवर येणारी आणि गाडीवरून जाणारी इतकी फिरती वस्तू दुसरी क्वचितच असेल.

आणि तरीही दहा पावलांवरून गाडी पाहताना नजर सर्वांत आधी चाकांवर जाते. रंग नवा आहे की जुना हे कळायला जवळ जावं लागतं. चाकावरचं झाकण चुकीच्या सालचं आहे हे जाणकाराला रस्त्याच्या पलीकडूनही कळतं. ही पुस्तिका त्या जाणकारीची पहिली पायरी आहे. तिचा विषय मुद्दाम आखूड ठेवला आहे : शेव्हरोलेट कॉर्व्हेट, १९५३ ते १९६७. पोर्शे ३५६च्या साध्या घुमटाकार टोप्या आणि मुद्रा असलेल्या टोप्या, मर्सिडीझच्या गाडीच्या रंगात रंगवलेल्या टोप्या, या सगळ्यांवर असंच लिहिता येईल. पण कॉर्व्हेटच्या बाबतीत या पंधरा वर्षांत चाकाचं झाकण इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या कारणांनी बदललं की त्यातून ओळखण्याची पद्धतच शिकता येते. ती हाताला लागली की बाकीच्या गाड्यांना वापरता येते.

सुरुवात मधल्या स्पिनरपासून, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या पंखाकार तुकड्यापासून, करायला हवी. जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या मोटोरामा प्रदर्शनात कॉर्व्हेट पहिल्यांदा लोकांसमोर आली. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांच्या डोळ्यांसमोर युरोपातल्या दोन आसनी खेळगाड्या होत्या; महायुद्धानंतर परतलेल्या अमेरिकी सैनिकांना त्यांची चटक लागली होती. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची चाकं चार-पाच नटांनी आवळलेली नसत. मध्ये एकच मोठा पंखांचा नट असे आणि मऊ धातूच्या हातोड्यानं त्या पंखावर घाव घालून तो सैल किंवा घट्ट करत. अशा चाकांना नॉक-ऑफ म्हणतात. इंग्लंडच्या रज-व्हिटवर्थ कंपनीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ही पद्धत रुळवली होती. चाक झटपट बदलता यावं, हा तिचा हेतू. गाडी चालताना नट आपोआप घट्ट होत राहावा म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलट दिशेचे ठेवत. त्यामुळे एका बाजूचा नट दुसऱ्या बाजूला चालतच नाही.

कॉर्व्हेटला यातलं काहीच नव्हतं. तिची चाकं साध्या शेव्हरोलेटसारखीच पाच नटांवर बसत. अर्ल यांच्या चमूनं काय केलं, तर पत्र्याच्या कव्हरवर मधोमध दोन पंखांचा दिखाऊ स्पिनर बसवला. त्याला आटे नाहीत, डावं-उजवं नाही, हातोड्याचा घाव त्याला सोसणार नाही. हे लक्षात ठेवणं उपयोगाचं आहे, कारण बाजारात कधी कधी खऱ्या नॉक-ऑफ चाकांचे स्पिनर ‘कॉर्व्हेटचे’ म्हणून पुढे केले जातात. मागे चाकावर आवळायचे मोठे आटे दिसले की ती वस्तू कव्हरची नाही, एवढं तिथल्या तिथे ठरतं.

१९५३ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. मिशिगनमधल्या फ्लिंट इथे ३० जून १९५३ रोजी पहिली कॉर्व्हेट जुळून बाहेर आली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, हातानं जुळवलेल्या. गाडी तयार होती, पण तिची खास व्हील कव्हरं वेळेत आली नव्हती. म्हणून सुरुवातीच्या सुमारे पंचवीस गाड्यांवर शेव्हरोलेट बेल एअरची घुमटाकार कव्हरं लावून त्या बाहेर पाठवल्या. पंख नाहीत, स्पिनर नाही. घरगुती वापराच्या मोटारीचं साधं झाकण. आता विचार करा, अशी एखादी सुरुवातीची गाडी सत्तर वर्षांनी कोणाच्या हाती लागली आणि त्यानं मोठ्या हौसेनं बेल एअरची ‘चुकीची’ कव्हरं काढून दोन पंखांची ‘बरोबर’ कव्हरं लावली, तर काय होईल? दिसायला गाडी कॉर्व्हेटसारखी होईल, आणि कारखान्यानं तिच्याबाबत जे केलं होतं त्याचा एकमेव दिसता पुरावा पुसला जाईल. मूळ काय, या प्रश्नाचं उत्तर कारखान्याच्या आराखड्यात नेहमी सापडत नाही. ते त्या दिवशी त्या जुळणीच्या रांगेत कोणता माल हाताशी होता, त्यात असतं.

पंखवाल्या पहिल्या कव्हरांतही एकसारखेपणा नाही. मधल्या गोल चकतीवर शेव्हरोलेटची बो-टाय खूण आहे. काही कव्हरांत ती पंखांच्या रेषेत येते, काहींत पंखांना आडवी, काटकोनात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कोणीतरी दुरुस्ती करताना मधला तुकडा फिरवून बसवला. तसं नाही, दोन्ही मांडण्या त्या काळातल्याच आहेत. चारांपैकी एकच कव्हर वेगळ्या मांडणीचं दिसलं, तर मात्र प्रश्न विचारायला जागा आहे : हा संच एकत्र जन्मलेला आहे की चार ठिकाणांहून गोळा केलेला?

१९५४पासून उत्पादन मिसुरी राज्यातल्या सेंट लुइसला गेलं. १९५६मध्ये गाडीची काया बदलली आणि कव्हरही बदललं. इथून पुढचा टप्पा सर्वांत जास्त घोटाळ्यांचा आहे. १९५६ ते १९५८ आणि १९५९ ते १९६२ या दोन काळांतली कव्हरं लांबून जुळ्या भावंडांसारखी दिसतात. दोन्हींत मध्ये दोन पंखांचा स्पिनर, दोन्हींचा घाट तोच. फरक एकच : १९५९पासून पत्र्यात दहा आयताकृती खाचा आल्या.

या खाचा शोभेसाठी नव्हत्या. त्या काळी कॉर्व्हेटला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. जोरात चालवून वारंवार ब्रेक दाबला की ड्रम तापतो, फुगतो, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिनाची ताकद दरसाल वाढत होती. १९५५मध्येच व्ही-८ इंजिन आलं होतं. पूर्ण बंद झाकणानं चाकाच्या आतली गरम हवा कोंडून राहते. खाचा पाडल्या की तिला वाट मिळते. म्हणजे या दहा खाचांमध्ये ब्रेकची एक खरी अडचण आणि तिच्यावर काढलेला स्वस्तातला उपाय, दोन्ही वाचता येतात. चाकाच्या झाकणाबद्दल मला मनापासून आस्था वाटते ती अशा जागी.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. चाक दोन्ही काळांत १५ इंची. खाचांचं कव्हर १९५७च्या गाडीवर सहज बसतं. एक कव्हर हरवलं, जवळच्या विक्रेत्याकडे गेलं, त्यानं फळीवर होतं ते दिलं. मालकाला चार सारखी हवीत म्हणून त्यानं उरलेली तीनही बदलली. असे बदल दशकानुदशकं होत राहिले. म्हणून १९५६-५८च्या गाडीवर खाचांची कव्हरं दिसली तर लगेच फसवणूक म्हणू नये. ती बहुधा कोणाच्या तरी सोयीची निशाणी असते. पण ‘मूळ’ हा शब्द तिथे लावता येत नाही, हेही तितकंच खरं.

उलट दिशेचा प्रकार जरा गंभीर. बिनखाचांच्या कव्हरात नंतर खाचा कापून ते १९५९नंतरचं म्हणून विकलं, तर? इथे कारागिराची नजर लागते. प्रेसमध्ये ठोकून पाडलेल्या छिद्राची कड दोन्ही बाजूंना सारखी नसते. ज्या बाजूनं पंच आत शिरतो तिकडची कड किंचित आत वळलेली, गोलसर असते. ज्या बाजूनं बाहेर पडतो तिकडे बारीक धार राहते. बोट फिरवलं की दोन्ही कडांमधला फरक जाणवतो. दहाही खाचांत तो एकाच दिशेनं असतो, कारण डाय एकच असते. हातानं कापून कानशीनं घासलेल्या खाचेला दोन्हीकडून सारखीच चापट कड येते, कोपरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि भिंगातून पाहिलं तर कानशीचे ओरखडे समांतर पडलेले दिसतात.

याच काळातला एक अपवाद इथेच सांगतो, कारण तो हमखास विसरला जातो. १९५७पासून ग्राहकाला ५ इंचांऐवजी साडेपाच इंच रुंदीची चाकं मागवता येत. शर्यतीची हौस असणारे ती घेत. या पर्यायाचा क्रमांक २७६. ही चाकं घेतली की मोठी पंखवाली कव्हरं मिळतच नसत. मध्ये साध्या प्रवासी शेव्हरोलेटची छोटी, बिननक्षीची टोपी येई. आज अशी गाडी दिसली की अनेकांना वाटतं, बिचारीची कव्हरं गेली, कोणीतरी स्वस्त टोप्या लावल्या. खरं तर त्या टोप्या आणि रुंद चाकं मिळूनच त्या गाडीची श्रीमंती असते. झाकण ओळखायचं तर आधी त्याखालचं चाक मोजावं, हा धडा इथून घ्यावा.

१९६३ला कॉर्व्हेटची नवी आवृत्ती स्टिंग रे आली आणि स्पिनरला दोनऐवजी तीन पंख आले. १९६३, ६४, ६५, ६६ या चार वर्षांत कव्हराचा नमुना दरवर्षी नवा होता. ही ओळख शब्दांनी होत नाही. पुढची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहिली की अर्ध्या तासात डोळ्यांत बसते. मी इथे फक्त एवढंच सांगेन की या चार नमुन्यांमधले खोलगट भाग कारखान्यात रंगवलेले होते का, कुठवर रंगवलेले होते, रंगाची कड कुठे थांबते, हे बारकाईनं पाहावं. पुष्कळ जुन्या कव्हरांवर पॉलिश करताना हा रंग बफाखाली उडून गेलेला असतो. झळाळी येते आणि नमुन्याची खोली जाते.

त्याच सुमारास खरी नॉक-ऑफ चाकंही आली, अॅल्युमिनियमची, मध्ये तीन पंखांचा खराखुरा नट. १९६३साठी ती जाहीर झाली, पण ओतकामातल्या बारीक छिद्रांतून हवा गळण्याच्या अडचणीमुळे त्या वर्षी ती ग्राहकांपर्यंत जवळजवळ पोचलीच नाहीत. १९६४ ते ६६ ती मिळाली. म्हणजे १९६५ची कॉर्व्हेट पाहताना शक्यता दोन : खऱ्या पंखांचं चाक, किंवा खोट्या पंखांचं कव्हर. दोन्ही मूळ, दोन्ही कारखान्याची, फक्त वेगवेगळ्या बिलांवरची.

मग पंख गेले. अमेरिकी सरकारच्या सुरक्षा नियमांतल्या २११ क्रमांकाच्या मानकानं चाकाचे नट, चकत्या आणि टोप्या यांच्यावर पंखांसारखे बाहेर येणारे भाग ठेवायला मनाई केली. हा नियम १ जानेवारी १९६८पासून लागू झाला. पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला त्या पंखांमुळे इजा होऊ नये, हा उद्देश. कॉर्व्हेटनं १९६७मध्येच वाट बदलली. अॅल्युमिनियमची चाकं साध्या पाच नटांवर आली आणि ते नट झाकायला मध्ये एक पंखहीन टोपी आली. नेहमीच्या गाडीवरून पूर्ण कव्हर हटलं. त्याजागी रॅली चाकं आली : रुपेरी रंगाचं लोखंडी चाक, कडेला चमकती ट्रिम रिंग आणि मधोमध छोटी टोपी, जिच्यावर ‘डिस्क ब्रेक्स’ आणि ‘शेव्हरोलेट मोटर डिव्हिजन’ अशी अक्षरं. १९६५पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले होते. १९५९मध्ये तापणाऱ्या ब्रेकसाठी पत्र्यात खाचा पाडाव्या लागल्या, आणि आठ वर्षांनी त्याच जागी ब्रेकचं नाव अभिमानानं कोरलं गेलं.

रॅली चाकांनी ओळख पटवणाऱ्यावर उपकार केले, कारण त्यांच्यावर ठसे आहेत. हवेच्या व्हॉल्वजवळ दोन अक्षरी खूण आणि तारखेचा ठसा सापडतो. १९६७च्या सहा इंच रुंद चाकावर डी.सी., १९६८च्या सात इंचीवर ए.जी., आणि १९६९पासूनच्या आठ इंचीवर ए.झेड. ट्रिम रिंगही बोलते : मूळ रिंगच्या मागे चार स्वतंत्र पकडी असतात, तर नंतर बाजारात आलेल्या बऱ्याच रिंगांना मागे सलग दातेरी कड असते. पुढून दोन्ही सारख्या चमकतात.

पैठणी घेताना जाणती बाई आधी पदर उलटून पाहते. व्हील कव्हर घेतानाही हीच सवय लावून घ्यायची. पुढची बाजू सगळ्यांना दाखवण्यासाठी घडवलेली असते आणि सगळ्यांनी घासलेली-पुसलेली असते. मागच्या बाजूला कोणी हात लावलेला नसतो.

कव्हर पालथं करून उजेडात धरा. पहिल्यांदा कडेची दातेरी पकड पाहा. हे दात चाकाच्या पत्र्यात रुतून बसतात. दर वेळी कव्हर काढताना ते थोडे वाकतात, टोकं घासली जातात, तिथे लोखंडाचा गंज उतरतो. वर्षानुवर्षं चाकावर बसलेल्या कव्हराच्या दातांवर हा झिजलेपणा असमान असतो, कारण माणूस कव्हर उपसताना बहुधा एकाच सोयीच्या जागेपासून सुरुवात करतो, व्हॉल्वच्या भोकाजवळून किंवा त्याच्या समोरून. सर्व दात सारखे धारदार आणि सारखे चमकते असतील तर ते कव्हर एकतर कधीच वापरलं गेलेलं नाही किंवा अलीकडचं आहे. यातला पहिला पर्याय अशक्य नाही. विक्रेत्याच्या फळीवर खोक्यातच पडून राहिलेला जुना माल अजूनही पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल किंवा हर्शीच्या बाजारांत निघतो. पण त्याची किंमत मोठी असते, आणि त्यामुळेच शंकाही मोठी ठेवावी.

नंतर व्हॉल्वचं भोक. कव्हर चाकावर पक्कं बसलेलं नसेल तर गाडी जोरात निघताना आणि थांबताना ते तसूतसूनं सरकतं आणि व्हॉल्वच्या रबरी नळीवर रेटतं. भोकाची एक कड त्यामुळे चेपलेली किंवा किंचित लांबलेली सापडते. ही खूण खोटी तयार करायला कोणी बसत नाही. मग स्पिनर मागून कसा धरला आहे ते पाहा : पत्र्याच्या जिभा वळवलेल्या आहेत, की रिव्हेट आहेत, की स्क्रू. जिभा एकदा उघडून पुन्हा वळवल्या की त्यांच्या वळणावर पांढरट ताण दिसतो, कधी बारीक चीर जाते. स्पिनर बदललेला असण्याची शक्यता तिथे लिहून ठेवावी. तो गुन्हा नाही. नोंद मात्र हवी.

स्पिनरबद्दल थोडं अधिक. त्या काळातले असे भाग बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबानं ओतलेले आणि वर तांबं, निकेल, क्रोम असे थर दिलेले असत. क्रोमच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून ओल आत शिरली की खालचं जस्त फुगतं आणि पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या येतात. जुन्या स्पिनरवर या पुटकुळ्या असणं साहजिक आहे. नसतील तर तो कोरड्या हवेत राहिला असेल, किंवा उघडून नव्यानं मुलामा दिला असेल. मुलाम्याआधी पुटकुळ्या घासून काढाव्या लागतात, आणि त्या घासण्यात अक्षरांच्या धारा बोथट होतात. म्हणून चमक पाहण्याआधी अक्षरांचे कोपरे पाहावेत. जुन्या स्पिनरवरून साचा काढून नवा ओतला तर धातू थंड होताना आकसतो, म्हणून तो मुळापेक्षा किंचित लहान येतो. व्हर्नियर कॅलिपर खिशात असेल तर हे लपत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला यातलं निम्मं शिकवावं लागणार नाही. साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, इजेक्टर पिनांनी उमटवलेले गोल ठसे, कडेला उरलेला पातळ पापुद्रा, हे त्याचं रोजचं वाचन आहे. त्यानं खात्रीच्या एका मूळ स्पिनरच्या मागचे पिनांचे ठसे कुठे आहेत ते एकदा लिहून ठेवलं, तर दुसरा स्पिनर त्याच डायमधून आला की नाही हे तो शांतपणे सांगू शकेल. ही पुस्तिका मराठीत यावी असं मला फार वाटत होतं, त्याचं हेही एक कारण. हे ज्ञान अमेरिकेतल्या गाडीविषयी असलं तरी ते ज्या कौशल्यावर उभं आहे, ते कौशल्य आपल्याकडे भरपूर आहे.

लोहचुंबकाविषयी सावध करतो. ‘चुंबक चिकटलं म्हणजे नकली’ हे वाक्य जुन्या सामानाच्या बाजारात सर्रास ऐकू येतं. त्यावर जाऊ नये. स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटत नाही, पण मोटारींच्या चमकत्या पट्ट्यांसाठी आणि झाकणांसाठी क्रोमियमयुक्त, निकेल नसलेल्या जातीही वापरल्या जात आणि त्यांना चुंबक चांगलं चिकटतं. शिवाय निकेलवाला पत्राही प्रेसमध्ये खोल ताणला की वळणांपाशी थोडासा चुंबकीय होतो. चुंबकावरून धातूची जात थोडीफार कळते. साल कळत नाही.

कॉर्व्हेटवाल्यांचं सुदैव असं की त्यांच्या हौसेला १९७४पासून एक भक्कम आधार मिळाला. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी त्या वर्षी स्थापन झाली. तिच्या परीक्षणाची कसोटी साध्या शब्दांत सांगायची तर अशी : गाडी कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हाती गेली तेव्हा जशी होती, तशी ती आज किती आहे? प्रत्येक भागाकडे पाच अंगांनी पाहतात : तो पूर्ण आहे का, त्याची तारीख जुळते का, त्याची घडण बरोबर आहे का, तो बसवला नीट आहे का, आणि त्याचा पृष्ठभाग कारखान्याच्या हातचा आहे का. ९४ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळाले की ‘टॉप फ्लाइट’ हा सन्मान. यातलं पाचवं अंग नवख्याला सर्वांत जड जातं. घासून आरशासारखं केलेलं कव्हर तिथे गुण गमावू शकतं, कारण सेंट लुइसमध्ये कोणी ते आरशासारखं केलं नव्हतं. ज्यानं रात्री जागून बफिंग केलं त्याला हे ऐकताना वाईट वाटतं, आणि ते मी समजू शकतो. पण कसोटी सौंदर्याची नसून साक्षीची आहे, आणि माझ्या मते तीच योग्य आहे.

‘मूळ’ या एका शब्दात बाजार किती गोष्टी कोंबतो ते पाहून घ्यावं. या गाडीवर कारखान्यात बसवलेलं आणि कधीच न बदललेलं कव्हर. त्याच सालचं, पण दुसऱ्या गाडीवरचं. जनरल मोटर्सनंच नंतर सुट्या भागांच्या दुकानासाठी काढलेलं, ज्यात बारीक फेरफार असू शकतात. जुनं पण दुसऱ्या सालचं. आणि आज नव्या डायवर बनवलेली प्रतिकृती. या पाचही वस्तूंना विकताना एकच विशेषण लावलं जातं. प्रतिकृती वाईट असते असं मी म्हणणार नाही. रोज चालवायच्या गाडीवर चांगली प्रतिकृती लावून अस्सल संच घरी जपून ठेवणं हा समंजसपणा आहे. माझा आक्षेप फक्त ती प्रतिकृती आहे हे न सांगण्यावर आहे. प्रत्येक कव्हराच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवा : कुठून आलं, कधी आलं, कोणत्या गाडीवर होतं, काय दुरुस्त केलं. १९६७च्या आणि त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांच्या पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यानं चिकटवलेला पर्यायांचा कागद आज सोन्याच्या मोलाचा ठरतो. तुमची चिठ्ठीही पुढच्या मालकाला तेवढीच लागेल.

सगळं दुरुस्तच करावं का, हाही प्रश्न आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये केंटकीतल्या बोलिंग ग्रीन इथल्या राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात जमीन खचली आणि आठ गाड्या विवरात गेल्या. त्यांतल्या तीन दुरुस्त केल्या, त्यांत १९६२ची एक काळी कॉर्व्हेटही होती. उरलेल्या पाच चेपलेल्या अवस्थेतच जतन केल्या. चाकाच्या झाकणावरचा पोचा एवढा मोठा इतिहास सांगत नसेल. तरी तो काढण्याआधी छायाचित्र घ्यावं, एवढं तरी व्हावं.

आपल्याकडे कॉर्व्हेट कधी जुळवली गेली नाही, तरी या विषयाशी आपले दुवे आहेत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८मध्ये सुरू झाला आणि १९५४मध्ये बंद पडला, म्हणजे पहिली कॉर्व्हेट फ्लिंटमधून निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी. शेव्हरोलेटशी मात्र मुंबईची ओळख त्या कारखान्यामुळे जुनी आहे, आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर भिंतीला टांगलेल्या टोप्यांमध्ये बो-टायची खूण दिसली तर नवल वाटायला नको. तिथली टोपी घेताना आधी व्यास मोजा, मग पालथी करा, मग भाव विचारा. दुसरा दुवा कायद्याचा आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले, क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरं येतात. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी त्यात अट आहे. व्हील कव्हरांचा तिथे उल्लेख नाही, पण ‘मूळ स्वरूप’ हा आता महाराष्ट्रातल्या आर.टी.ओ.च्या टेबलावरचाही शब्द झाला आहे. आणि डेट्रॉईटच्या परिसरात मोटारउद्योगात आयुष्य घालवलेले मराठी अभियंते आहेत, ज्यांच्या शेजारच्या गॅरेजमध्ये अशी गाडी उभी असू शकते. त्यांच्यासाठीही ही पानं आहेत.

पुढच्या पानांवर प्रत्येक नमुन्याची तीन छायाचित्रं आहेत : समोरून, मागून, आणि स्पिनरच्या मुळाशी जवळून. मागचं छायाचित्र मोठं छापलं आहे. सोबत कोरा तक्ता दिला आहे. त्यात व्यास, पंखांची संख्या, खाचा, व्हॉल्वच्या भोकाची जागा, पकडीची स्थिती आणि बो-टायची दिशा भरायची. आधी तक्ता भरा, नंतरच साल शोधा. आधी साल ठरवून पाहिलं की डोळा हवं तेच पाहतो. ज्यांच्याकडे १९५६ ते ५८ची बिनखाचांची, कधीही न उघडलेली कव्हरं आहेत, त्यांनी मागच्या बाजूचं छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, जरूर पाठवावं. त्या तीन वर्षांचं पान या आवृत्तीत सर्वांत तोकडं आहे.